मेसेज पाठवणं सोपं, उत्तर वाचणं अवघड: रुग्णांचा डिजिटल पाठपुरावा सुरू करणाऱ्यांसाठी

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला आमच्या दवाखान्याच्या नंबरवर मेसेज आला, 'सिस्टर नवीन गोळी घेतल्यापासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.' तो मी वाचला सोमवारी सकाळी साडेनऊला. मधल्या काळात त्या काकांनी गोळी आपल्या मनाने बंद करून टाकली होती. सुदैवाने ते कुठे पडले नाहीत. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "तुमचा मेसेज रोज येतो, म्हणून वाटलं पलीकडे कोणीतरी बसलेलं असतं."

पलीकडे कोणीही बसलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी मेसेज सोडत होतं आणि आलेली उत्तरं कुठेतरी साठत होती. ती उघडून बघायचं काम कोणाचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा हे माझं काम. 'आता हे डिजिटल करू या' असं ठरलं तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं, कारण स्टाफमध्ये माझा फोन सगळ्यांत नवा होता. पुढच्या दीड वर्षात बहुतेक सगळ्या चुका करून झाल्या. तुम्ही दवाखान्यात, आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या रुग्णगटासाठी असं काही सुरू करणार असाल, तर त्यातल्या निम्म्या तरी तुमच्या टळाव्यात म्हणून हे लिहिते आहे. अ‍ॅप कसं बनवायचं ते यात नाही. साधा फोन, साधा मेसेज आणि एक वही एवढ्यावर बरंच काम होतं.

१. एकच सवय निवडा

'रुग्णांची जीवनशैली सुधारणे' हे उद्दिष्ट अहवालात शोभून दिसतं, मेसेजमध्ये मावत नाही. पहिल्या फेरीत आम्ही मीठ, चालणं, गोळ्या, तंबाखू, झोप, तपासणीची तारीख असं सगळं कोंबलं होतं. महिन्याभराने एका आजींना विचारलं, मेसेज कसे वाटतात? त्या म्हणाल्या, "छान असतात हो तुमचे सुविचार." त्याच दिवशी मी ती यादी फाडली.

अशी एकच गोष्ट घ्या जी आज झाली की नाही, हे एका शब्दात सांगता येईल. 'रात्रीची गोळी घेतली', 'सकाळी दाब मोजला', 'आज सिगारेट ओढली नाही'. आम्ही गोळीपासून सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की दीर्घकाळच्या आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे डॉक्टर चांगले, औषध चांगलं, आणि निम्म्या गोळ्या पाकिटातच. एवढ्या एका गोष्टीवर वर्षभर काम केलं तरी पुरे.

२. राहून का जातं, ते आधी विचारा

मेसेज लिहायला बसण्याआधी दहा रुग्णांशी बसून बोला. 'गोळी चुकते का?' असं विचारू नका, सगळे 'नाही' म्हणतात. 'गेल्या आठवड्यात कितीदा राहिली?' असं विचारा. राहणारच हे गृहीत धरलं की माणूस मोकळा होतो.

आमच्या दहांपैकी तिघेच खरोखर विसरत होते. बाकीच्यांची कारणं वेगळी होती. एकाच्या गोळ्या संपल्या होत्या. दोघांना 'बरं वाटतंय, मग कशाला' असं वाटत होतं. एक बाई लघवी जास्त होण्याची गोळी बाहेर जायचं असेल त्या दिवशी टाळायच्या, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही. आता त्यांना रोज सकाळी आठला 'गोळी घ्या' असा मेसेज गेला तर काय होणार? डॉक्टरांना विचारून त्यांची गोळीची वेळ बदलली आणि प्रश्न मिटला. त्यात तंत्रज्ञान काहीच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ सुझन मिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वागणुकीची एक सोपी चौकट मांडली: क्षमता, संधी आणि प्रेरणा. तीन्ही असतील तर माणूस एखादी गोष्ट करतो. स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग यांची मांडणी जवळपास तशीच आहे. इच्छा हवी, काम सोपं हवं, आणि त्याच क्षणी कोणीतरी आठवण करून द्यायला हवी. मेसेज यातलं फक्त शेवटचं काम करतो. म्हणून जे विसरतात त्यांनाच आठवणीचा मेसेज लावा. ज्यांचं कारण दुसरं आहे त्यांना फोन करा किंवा डॉक्टरांकडे पाठवा. ही चाळणी लावली तर यादी लहान होते, आणि ती झालेली बरी.

३. उत्तर कोण वाचणार, हे नाव घालून लिहा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

केनियात एचआयव्हीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ५३८ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाला दवाखान्यातून आठवड्यातून एकदा एका शब्दाचा मेसेज जायचा: 'मांबो?' म्हणजे 'कसं काय?' रुग्णाने ४८ तासांत 'सावा', म्हणजे ठीक, किंवा 'शिदा', म्हणजे अडचण आहे, एवढंच कळवायचं. 'शिदा' आलं किंवा काहीच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन जायचा. औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण या गटात ६२ टक्के निघालं, दुसऱ्या गटात ५० टक्के. रक्तातला विषाणू दबलेल्यांचं प्रमाण ५७ विरुद्ध ४८ टक्के. त्या मेसेजमध्ये औषधाचं नावही नव्हतं, हे मला फार आवडतं. माझ्या मते काम करत होता तो नंतरचा फोन.

म्हणून कोणत्या उत्तरावर काय करायचं ते आधी तीन रंगांत एका कागदावर लिहून काढा, आणि डॉक्टरांची सही घ्या:

लाल: छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, दाब १८०/१२० च्या वर आणि सोबत त्रास. इथे मेसेजची वाट बघायचीच नाही, आपत्कालीन सेवेला फोन. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी तोंडी सांगायचं आणि लेखी द्यायचं.

पिवळा: चक्कर, सूज, खोकला, गोळी संपली, मधुमेहात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली होती. त्याच दिवशी फोन. साखर कमी झाली असेल त्या क्षणी आधी गोड खायचं, मेसेज नंतर, हेही आधीच शिकवून ठेवा.

हिरवा: 'घेतली', 'ठीक आहे'. उत्तराची गरज नाही, नोंद पुरे.

प्रत्येक रंगापुढे माणसाचं नाव हवं, 'स्टाफ' असं नको. ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरं नाव. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणी बघणार नसेल, तर तसं स्पष्ट सांगणारं उत्तर आपोआप गेलं पाहिजे: 'दवाखाना बंद आहे. हा मेसेज सोमवारी सकाळी वाचला जाईल. त्रास जास्त असेल तर थांबू नका, आपत्कालीन नंबरवर फोन करा.' आमच्या शुक्रवारच्या काकांना एवढं जरी गेलं असतं तरी त्यांनी आमची वाट बघितली नसती.

एका माणसाला रोज किती उत्तरं झेपतील ते मोजा आणि त्यावरून रुग्णसंख्या ठरवा. आम्ही उलटं केलं होतं.

४. काय काय लागतं

साधनं थोडीच आहेत:

– दवाखान्याचा वेगळा नंबर आणि वेगळा फोन. स्वतःचा नंबर देऊ नका, मी दिला होता. तो अजून रात्री अकराला वाजतो.
– ठरलेल्या वेळी मेसेज पाठवणारी आणि उत्तरं एका ठिकाणी दाखवणारी कुठलीही सेवा. सुरुवातीच्या वीस जणांना तर हातानेही पाठवता येतात.
– रुग्णांची यादी: नाव, केसपेपर नंबर, फोन कोणाचा, मेसेजची भाषा आणि वेळ. फाइलला पासवर्ड.
– घरून आकडे मागवणार असाल तर खात्रीचं मापनयंत्र.

कागद मात्र काळजीने करा:

– संमतीपत्र, मोठ्या अक्षरात, एका पानाचं. काय पाठवणार, किती दिवस, कोण वाचणार, बंद कसं करायचं.
– रंगांचा तो सही केलेला तक्ता.
– मंजूर मेसेजची यादी. या यादीबाहेरचा वैद्यकीय सल्ला मेसेजने द्यायचा नाही.
– संस्थेची लेखी परवानगी. आरोग्याच्या माहितीबाबत तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, हे संस्थेतल्या जाणकाराकडून आधी समजून घ्या. माहिती कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि करार संपल्यावर ती पुसली जाते का, हेही लेखी मागा.

संमती घेताना एक प्रश्न जरूर विचारा: 'हा फोन रात्री कोणाच्या हातात असतो?' कितीतरी घरांत फोन एकाचा आणि वापर चौघांचा. आमच्या एका आजींचे मेसेज सहा आठवडे नातू वाचत होता आणि इमानेइतबारे 'घेतली' म्हणून कळवत होता. शाळेतून.

नंबर लिहून घेतला की रुग्ण समोर असतानाच एक चाचणी मेसेज पाठवा आणि त्याच्या फोनवर आलेला डोळ्यांनी बघा. एक आकडा चुकला तर एकाची माहिती भलत्याच माणसाकडे जाते.

५. मेसेज लिहिणं

देवनागरीची एक गंमत आधी समजून घ्या. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात, देवनागरी ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'गोळी' म्हणजे चार. 'रक्तदाब' म्हणजे सात. सत्तरच्या वर गेलात की मेसेजचे तुकडे होतात, दर तुकड्याचे पैसे वेगळे पडतात आणि जुन्या फोनवर तुकडे मागेपुढेही पोचतात. आमचा आताचा मेसेज हा आहे:

'आज रात्रीची गोळी घेतली का? घेतली तर १, राहिली तर २, काही त्रास तर ३.'

हे ६८ होतात. तिथे पोचायला आम्हाला तीन बैठका लागल्या. पहिला मसुदा होता, 'कृपया विहित औषधोपचाराचे नियमित अनुपालन करावे'. तो वाचून आमच्या शिपाईमामांनी विचारलं होतं, कोर्टाची नोटीस आहे का?

सॉफ्टवेअरला मराठी १ आणि इंग्रजी 1 दोन्ही समजतात ना, ते तपासा. 'घेतली', 'हो', 'व्हय', 'ओके' आणि नुसता अंगठा, असं सगळं येतं. जे यंत्राला कळणार नाही ते माणसापुढे आलं पाहिजे, रद्दीत जाता कामा नये.

सूर कसा असावा? घरातलं मोठं माणूस विचारेल तसा. 'तुम्ही आज गोळी घेतलेली नाही' हे वाक्य पोलिसाचं झालं. '२' असं उत्तर आलं तर आमच्याकडून जातं, 'हरकत नाही. उद्या वेळेवर घ्या, आज जादा घेऊ नका.' यातला दुसरा भाग महत्त्वाचा. उशिरा आलेली आठवण बघून विसरभोळा माणूस दुसऱ्यांदा गोळी घेऊ शकतो. चुकलेल्या गोळीचं काय करायचं हे औषधागणिक वेगळं असतं, म्हणून हे वाक्य तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सात खणांची गोळ्यांची डबी सोबत दिली, तर 'घेतली की नाही' याचं उत्तर मेसेजपेक्षा डबीच चांगलं देते.

आजाराचं नाव मेसेजमध्ये घालू नका. बंद पडद्यावरही पहिली ओळ दिसते, आणि फोन टेबलावर उघडा पडलेला असतो.

वेळ रुग्णाला ठरवू द्या, तीही घड्याळाच्या नाही तर कामाच्या हिशेबाने. 'रात्री दात घासून झाले की गोळी', असं 'हे झालं की ते' वाक्य त्याच्याच तोंडून वदवून घ्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये या पद्धतीवर सविस्तर लिहिलं आहे. नुसत्या निश्चयापेक्षा असं ठरवलेलं जास्त पार पडतं. आमच्या यादीत प्रत्येकापुढे त्याचं ते वाक्य लिहिलेलं असतं आणि मेसेज त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी जातो.

किती पाठवावेत? ऑस्ट्रेलियात हृदयविकाराच्या ७१० रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला चार मेसेज सहा महिने पाठवले होते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान, तिन्हींत फरक पडला. आम्ही पहिले दोन आठवडे रोज पाठवतो, मग दिवसाआड, मग आठवड्याला एक. रोजचा मेसेज महिन्याभरात भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा होतो, दिसतो पण कोणी बघत नाही.

६. घरून येणारे आकडे

दाब घरी मोजून पाठवायला सांगणार असाल, तर मोजायला शिकवण्यात एक पूर्ण भेट घालवा. वाया जात नाही.

यंत्र दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. त्याची अचूकता स्वतंत्रपणे तपासलेली असावी, अशा यंत्रांची यादी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर मिळते. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नाही. लघवी करून या. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नकोत, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी. हे सात दिवस करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ ही रेषा धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा ती खाली आहे. रुग्णाला हे सांगितलं नाही तर तो १३८ बघून खूश होतो.

शिकवून झालं की 'समजलं ना?' असं विचारू नका. 'आता मला करून दाखवा' म्हणा. एका काकांनी पट्टा स्वेटरवरूनच बांधला होता, आणि मान मात्र जोरजोरात हलवत होते.

आकडे आले की त्यांच्याकडे जरा संशयानेही बघा. सलग नऊ दिवस १३०/८० आलं तर ते यंत्राने दिलेलं नाही. यंत्र १२७ देतं, १३४ देतं, गोल आकड्यांवर प्रेम माणसाचं असतं. यावर रागावू नका. आमच्या एका रुग्णाने तसं केलं होतं, कारण आधीच्या भेटीत १५२ बघून त्यांना सगळ्यांदेखत बोलणी बसली होती. शक्य असेल तर यंत्राच्या पडद्याचा फोटोच मागवा.

आणि मागवलेल्या आकड्यांवर काहीतरी करा. 'या आठवड्याची सरासरी १३१/८२, डॉक्टरांनी पाहिली, गोळी तीच चालू ठेवा' एवढं उत्तर गेलं पाहिजे. दोन आठवडे कोणी काही बोललं नाही तर तिसऱ्या आठवड्यात आकडे येत नाहीत.

७. घड्याळं, पावलं, गुण आणि बक्षिसं

यात मी फार पडले नाही, आणि पश्चात्तापही नाही. मनगटावरचं घड्याळ बांधलं की माणूस बारीक होतो, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या ४७१ जणांच्या चाचणीचा २०१६ मध्ये आलेला निकाल ऐका. दोन वर्षांनी, नेहमीच्या पद्धतीने मार्गदर्शन मिळालेल्यांचं वजन सरासरी ५.९ किलोने उतरलं होतं, आणि हालचाल मोजणारं यंत्र दंडावर बांधलेल्यांचं ३.५ किलोने. यंत्र वाईट असतं असा याचा अर्थ नाही. काहींना त्याने खरंच हुरूप येतो. पण सगळ्यांना वाटून टाकायची ती गोष्ट नव्हे.

दहा हजार पावलांचंही तसंच. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, संशोधनातून नाही. सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण ४,४०० पावलांनाही बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फारसं घटलं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दहा हजारांचं लक्ष्य दिलं, तर तो तिसऱ्या दिवशी फोनमधली ती खिडकीच बंद करतो. त्याच्या आजच्या सरासरीत पाचशे मिळवा आणि तेवढंच मागा.

क्रमवारी लावू नका. वर असलेले खूश होतात, पण आपल्याला काळजी खालच्यांची आहे, आणि तेच गट सोडून जातात.

८. आधी वीस जण, सहा आठवडे

वीस रुग्ण घ्या. त्यात मोबाइल सराईतपणे वापरणारे पाचच घ्या, कारण बाकीचे पंधरा तुम्हाला खऱ्या अडचणी दाखवतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच निरोप आवाजी फोनने पाठवून बघा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांची वेगळी यादी करा आणि त्यांची भेट लवकरची द्या. नाहीतर नकळत असं होतं की ज्यांना सगळ्यांत कमी गरज आहे त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष जातं. जागतिक आरोग्य संघटनेने डिजिटल आरोग्यावरची पहिली मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये काढली, तेव्हाही बजावलं होतं की ही साधनं चालत्या आरोग्यव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत.

दर आठवड्याला वीसपैकी तिघांना फोन करून विचारा: गेला मेसेज काय होता? आठवत नसेल तर दोष त्यांच्याकडे शोधू नका.

९. लोक गळतात, त्याची तयारी

गळती होणारच. संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्येच लिहिलं होतं की डिजिटल आरोग्याच्या प्रयोगांत मोठा हिस्सा मध्येच सोडून जातो आणि ही त्या क्षेत्राची खूणच समजावी. तेव्हा उत्तरं कमी झाली म्हणून हिरमुसू नका, पण कोण गेलं ते बघा. काही जण बरे झाले म्हणून जातात. गोळी आपसूक घेतली जाते, मेसेजची कटकट वाटते. त्यांना आनंदाने मोकळं करा.

किती दिवस चालवावं, याबद्दल '२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि टोकं होती १८ आणि २५४. एखादा दिवस चुकला म्हणून सगळं मुसळ केरात जात नाही, हेही त्यात दिसलं. आम्ही तीन महिन्यांनी प्रत्येकाला विचारतो, चालू ठेवू की थांबवू?

जे काही न सांगता गप्प झाले त्यांना एक फोन. दुसरा मेसेज पाठवू नका, फोनच करा. तिथे बहुतेक वेळा काहीतरी निघतं: नंबर बदलला, नोकरी गेली, घरात आजारपण आलं, किंवा गोळीने काही त्रास झाला आणि सांगायचा संकोच वाटला.

१०. उपयोग झाला का

किती मेसेज गेले, किती उघडले, हे अहवालात घालायला छान. विचारायचं ते असं: गोळ्या वेळेवर परत घ्यायला आले का? दाब उतरला का? किती 'पिवळे' त्याच दिवशी हाताळले? शेवटचा आकडा मी दर महिन्याला काढते, कारण तो आमचा आहे, रुग्णांचा नाही.

एका सापळ्यापासून सावध. दाब खूप वाढलेला असताना यादीत घेतलेल्यांचा पुढच्या भेटीत तो आपोआपही थोडा उतरलेला दिसतो. ते श्रेय मेसेजला देऊन टाळ्या वाजवू नका. मेसेज न जाणाऱ्या तशाच रुग्णांशी तुलना करा, साधी का होईना. ब्रिटनमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या २०११ च्या चाचणीत सहा महिने सिगारेटपासून दूर राहिलेले मेसेजच्या गटात १०.७ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ४.९. दुपटीहून जास्त. तरीही शंभरातल्या एकोणनव्वदांनी सोडली नव्हती. साहेबांना आधीच सांगून ठेवा की फरक साधारण असा असतो.

११. यादीतून नाव काढणं

हे कोणी शिकवत नाही. सॉफ्टवेअरला बाहेरचं काही कळत नसतं. एका रुग्णाचं निधन झालं, केसपेपरवर नोंद झाली, पण मेसेजची यादी वेगळ्या फाइलमध्ये होती. अकराव्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांच्या घरच्या फोनवर 'आज रात्रीची गोळी घेतली का?' गेला. त्यांच्या पत्नीचं उत्तर आलं, 'ते गेले सिस्टर. डबीत सहा गोळ्या राहिल्या आहेत, काय करू?'

तो मेसेज मी त्याच रात्री वाचला, कारण तोवर उत्तरं वाचायची पाळी लागलेली होती. मेसेजने उत्तर दिलं नाही, फोन केला. बराच वेळ बोललो.

आता दर सोमवारी सकाळी, पहिला मेसेज सुटण्याआधी, केसपेपरची आणि मेसेजची यादी शेजारी ठेवून जुळवतो. निधन, भरती, गाव सोडलं, डॉक्टर बदलले, गोळी बंद झाली, नंबर बदलला. प्रत्येकासमोर खूण आणि खूण करणाऱ्याची सही. वीस मिनिटं लागतात.